खंडपट

तेरा नंबरचा पाना अर्धा इंची नटावर बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखं करतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. उरलेल्या ०.३ मिलिमीटरच्या फटीत पाना किंचित डुलतो, जोर लावला की सटकतो आणि जाता जाता नटाचे सहा कोपरे घासून त्याला गोल करून ठेवतो. नट एकदा गोल झाला की पुढं छिन्नी, हातोडा, गॅसची ज्योत आणि शिव्या, याच क्रमाने. परसातल्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या माझ्या स्टँडर्ड हेराल्डचे पहिले चार नट मी असेच बाटवले. मग यवतमाळात इंची पान्यांचा संच शोधत तीन दिवस फिरलो. हार्डवेअरच्या दुकानांत सगळीकडे मिलिमीटरचं राज्य. अखेर पाने सापडले ते आर्णी रोडला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे.

“जुन्या फर्गसनचे आहेत,” ते म्हणाले. “त्याले इंचीच लागते. तुम्हाले कायले पाह्यजे?”

कारला, म्हणालो. बैलाला चष्मा लावायला निघालेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण पाने दिले, आणि पुढच्या रविवारी ते कशाला लागतात हे बघायला स्वतः आले. ते आजतागायत येतात.

पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं की ते पाने माझ्या गाडीचे चुलत नातलग आहेत. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६पासून दहा वर्षं हॅरी फर्गसनचा तो छोटा राखाडी ट्रॅक्टर, टीई-२०, बनत होता. पाच लाखांहून अधिक बनले. बनवणारी कंपनी स्टँडर्ड मोटर. या ट्रॅक्टरसाठी आणि आपल्या व्हॅनगार्ड कारसाठी तिने जे इंजिन केलं, त्याचे सिलिंडर म्हणजे ब्लॉकमध्ये वरून बसवलेल्या सुट्या नळ्या होत्या. त्यांच्या अंगाभोवती थेट पाणी खेळायचं. नळी झिजली की ओढून काढायची, नवी घालायची. लेथवर जायचं कारण नाही, बांधावर बसूनही जमावं. ट्रायम्फ ही कंपनी स्टँडर्डने महायुद्ध संपता संपता विकत घेतली होती. १९५३ साली त्याच इंजिनात जरा अरुंद नळ्या घालून त्याचं आकारमान १,९९१ घनसेंटिमीटरवर आणलं गेलं, म्हणजे शर्यतीच्या दोन लिटरच्या गटात ते बसावं. आणि ते बसवलं गेलं ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये. एका भावाने नांगर धरला आणि दुसऱ्याने शर्यत, दोघांचं रक्त एकच. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मंग त्यात काय? बैलाचंही तसंच असते.”

खरंच तसंच असतं. आमच्या वऱ्हाडात ओझं वाहायला बंडी, पावण्यारावळ्यांना न्यायला दमणी आणि शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, हलका छकडा. शर्यतीच्या गाडीचं सगळं शास्त्र त्या छकड्यात आहे. वजन काढून टाक, उंची कमी कर, आणि हाकणाऱ्याला जमिनीच्या इतकं जवळ बसव की वेग त्याच्या हाडांना कळावा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, २०२१च्या अखेरीस पुन्हा मोकळ्या केल्या आणि २०२३ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली वर्षं कित्येक गावांत छकडे आढ्याला टांगलेले होते. जुनी गाडी जपणं म्हणजे श्रीमंतांचा मुंबई-पुण्याकडचा शौक, असं आपल्याकडे समजलं जातं. आढ्याला टांगलेल्या छकड्याला दर पावसाळ्यापूर्वी तेल लावणाऱ्या माणसाला शौकीन कुणी म्हटलं नाही, एवढाच फरक.

हेराल्ड ही स्पोर्ट्स कार नव्हे, हे इथंच कबूल केलेलं बरं. दोन दारांची, चार माणसांची, ९४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची सोज्वळ घरगुती गाडी. पण १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर ही उघडी दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली तेव्हा तिचा सांगाडा हेराल्डच्याच चेसिसला आखूड करून केला होता. दोघींचं रूप रेखाटणारा कलाकारही एकच, इटलीचा जोव्हानी मिकेलोत्ती. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा डुलता ॲक्सल तोच. स्पिटफायर रस्त्यावर मिरवायला गेली, हेराल्ड घर सांभाळत राहिली. आणि भारतात आली ती ही घर सांभाळणारी बहीण. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून ती इथं बनवली. चारचाकी शर्यतीचं वेड असलेल्या भारतीयांनी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हिलाच पळवलं, कारण पळवायला दुसरं होतं काय? हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड अशा तीन कंपन्या, त्यांच्या मोजून तीन-चार गाड्या. आमच्या जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते १९६३ ते १९७५. हेराल्डचा आणि तिच्यामागून आलेल्या गॅझेलचा भर काळ जवळजवळ तोच.

याच काळात इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःची छोटी कार बनवत होते. ‘मीरा’ तिचं नाव. पहिली दोन आसनी त्यांनी १९४९ साली उभी केली आणि पुढं पंचवीसएक वर्षं एकामागून एक नमुने सुधारत राहिले. ती कारखान्यात कधी बनली नाही. परसात गाडी खोलून बसलेल्या मला त्यांच्याबद्दल वाचताना थोडी लाजच वाटते. मी दुसऱ्याने बनवलेलं पुन्हा जुळवतोय. त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली होती.

माझी हेराल्ड एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कोठीत वीसएक वर्षं उभी होती. टोचन करून आणली त्या दिवशी मागचं आसन उचललं तर स्प्रिंगांमध्ये उंदरांनी सरकीसकट कापसाची अशी गादी केली होती की आसनाच्या मूळ भरावापेक्षा ती बरी वाटावी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुन्या गाडीला समुद्र खातो. पत्र्यावर बोट ठेवलं की आरपार. इथं तसं नाही. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्रा टिकतो आणि रबर मरतं. दारांच्या पट्ट्या, ब्रेकचे वायसर, काचांच्या कडा, सगळं हात लावताच पापडासारखं मोडतं. पण चेसिसच्या पोकळ आडव्या दांड्यांत आमच्या जमिनीने आपली ओळख सोडली होती. काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. कपाशीला ती आईसारखी, लोखंडाला सावत्र. बाहेरून धड दिसणाऱ्या दोन दांड्या आतून त्या मातीने खाल्ल्या होत्या. काट्याने खरवडून माती काढली ती घमेलंभर निघाली. मी ती फेकली नाही, तुळशीत घातली. त्यामागे भावना कमी, आळस जास्त.

आता तिच्या बोनेटबद्दल. मला या गाडीचं जे काही कळलं ते बोनेटपाशी कळलं.

हेराल्डचं बोनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे. दोन्ही कड्या सोडल्या की झाकण, दोन्ही मडगार्ड, दिवे, असं सगळं तोंडच्या तोंड पुढं कलतं आणि इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग, दोन्ही चाकं एकदम उघडी पडतात. चाकावर बुड टेकवून काम करता येतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा ते उघडताना पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे बनवणारा माणूस मिस्त्रीच असंल.”

खरी गोष्ट याहून गमतीची आहे. १९५३ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी विकत घेतली. स्टँडर्डच्या बॉड्या तिथंच होत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपला गळा गेल्यावर स्टँडर्डपुढे प्रश्न पडला: अखंड, एकसंध बॉडीची नवी गाडी बनवून द्यायला कोण तयार होणार? कुणी झालं नाही. तेव्हा त्यांनी जुन्या काळासारखी वेगळी चेसिस घेतली आणि तिच्यावर बसवायची बॉडी तुकड्यांत पाडली, म्हणजे वेगवेगळ्या लहान कारखान्यांतून पत्रे करून आणता येतील आणि बोल्टांनी जोडता येतील. १९५९ साली ती बाजारात आली तेव्हा जाणकारांनी नाक मुरडलं, की जग पुढं चाललंय आणि हे मागं. धंद्यातल्या अडचणीतून ती सगळी सुटी सुटी राहिली, आणि सुटी राहिली म्हणूनच साठ वर्षांनी यवतमाळच्या परसात एक निवृत्त संस्कृतचा मास्तर ती खोलू शकला. कुणाचंही हे पुण्य नाही. पुष्कळ चांगल्या गोष्टी अशा कुणाच्या तरी नाइलाजातून येतात.

संस्कृतचा मास्तर म्हटल्यावर भोज आलाच. अकराव्या शतकातला धारचा राजा, त्याच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ साली टी. गणपतिशास्त्रींनी तो छापून आणला. तीस वर्षं मी शिकवत होतो तेव्हा हा अध्याय कधी धड वाचला नाही. त्यातले लाकडी पक्षी आणि हलणाऱ्या बाहुल्या पोरांना सांगायच्या, की झालं. टॅपेट सेट करताना तो पहिल्यांदा कळला. भोजाने चांगल्या यंत्राचे गुण मोजले आहेत. भागांची नीट जुळणी. गुळगुळीतपणा. हलकेपणा. आवाज नसणं, आणि जिथं आवाज हाच हेतू आहे तिथं तो भरपूर असणं (आमच्या ट्रकवाल्यांनी हे शेवटचं तेवढं उचललंय). आणि दोन गुण शेजारी शेजारी: अशैथिल्य आणि अगाढता. सैल नको आणि घट्टही नको. हेराल्डच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, फट ठेवावी लागते. फीलर गेजची पत्ती त्या फटीतून ओढताना जराशी अडली पाहिजे, पण अडून राहता कामा नये. हे ‘जरासं’ कोणत्याही पुस्तकात शिकवता येत नाही. मिस्त्री डोळे मिटून ती पत्ती ओढतात. मी अजून चष्मा लावून ओढतो.

पण भोजाशी माझं एका गुणावर जमत नाही. अलक्ष्यता. यंत्र कसं चालतं ते बघणाऱ्याला कळता कामा नये, असं तो म्हणतो, आणि पुढं सांगून टाकतो की रचना मुद्दामच दिलेली नाही, गुप्त राहावी म्हणून. मला येत नाही म्हणून नव्हे. या वाक्यातला राजेपणा मला नेहमी हसवतो. आजच्या नव्या गाडीचं बोनेट उघडा: वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव, खाली काय आहे ते लॅपटॉप जोडल्याशिवाय कळायचं नाही. भोज खूश झाला असता. ती गाडी माझ्या हेराल्डपेक्षा सुरक्षित, स्वच्छ आणि शहाणी आहे, यात वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की अलक्ष्य यंत्राला वारस नसतो. कंपनीने भाग देणं थांबवलं की ते संपलं. उघडं यंत्र मात्र कुणाच्याही हातात पडलं तरी त्याच्याशी बोलायला लागतं, चुकीच्या पान्याने का होईना.

कागदपत्रांच्या निमित्ताने मला ‘मूळ’ या शब्दाने पकडलं. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या कामाला किंवा धंद्याला ती वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, यासाठी काढायची. आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

नियम योग्यच आहे. नाहीतर उद्या कुणीही जुन्या पाटीखाली नवी गाडी चालवेल. पण पुट्टी खरवडत असताना मी त्या शब्दाचा विचार करू लागलो. पत्र्यावर तीन रंग निघाले. सगळ्यांत वर लाल, त्याखाली पांढरा, आणि अगदी तळाशी फिकट निळसर राखाडी, मद्रासहून आलेला. मी तळाच्या रंगाचा एक तुकडा जपून कापून घेतला, रंगवाल्याला दाखवून तसा मिसळून घ्यायचा म्हणून. आणि तेवढ्यात लोक यायला लागले. फाटकाशी सायकल टेकवून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले: “हे तर पांढरी होती ना जी!” त्यांच्या मोठ्या बहिणीची वरात हिच्यातून निघाली होती. आणखी एकजण आले, त्यांना दवाखान्यात हिच्यातून नेलं होतं, पांढऱ्या गाडीतून. आठवडाभरात पाच-सहा माणसं आली आणि सगळ्यांची गाडी पांढरी. राखाडी गाडी यवतमाळात कुणी पाहिलीच नव्हती. म्हणजे पाहिली असेल, पण आठवणीत कुणाच्या उरलेली नव्हती. जो रंग मूळ होता त्याचा एकही साक्षीदार नाही, आणि ज्याला साक्षीदार आहेत तो मूळ नाही.

इथं कुणालाही बौद्ध भिक्षू नागसेनाचा रथ आठवेल. मिलिंद राजा रथात बसून आला, आणि नागसेनाने त्याला विचारलं की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. काहीच रथ नाही. रथ हे नुसतं नाव. उत्तर सुंदर आहे, पण शेडमध्ये पन्नास डब्यांत सुटे भाग मांडून बसलेल्या माणसाला ते पुरत नाही. त्याला पक्कं ठाऊक असतं की हे पन्नास डबे म्हणजे गाडी नाही आणि जुळवले की होईल. माझा कल नैयायिकांकडे. त्यांचा लाडका दृष्टांत कापडाचा, म्हणून कापसाच्या जिल्ह्यात तो अधिक शोभतो. तंतू हे अवयव, पट हा अवयवी. पट म्हणजे तंतूंचा नुसता ढीग नव्हे. तंतूंच्या ठायी राहणारा तो एक स्वतंत्र, खराखुरा पदार्थ आहे, असं ते बौद्धांना ठणकावून सांगतात. मग प्रश्न: त्यातले चार तंतू निघाले तर? उत्तर निर्दय आहे. जुना पट नष्ट झाला. उरलेल्या तंतूंतून नवा पट जन्मला, त्याचं नाव खंडपट. आपण ‘हा तोच शेला’ म्हणतो ती सारखेपणामुळे होणारी भूल.

या हिशेबाने मद्रासहून निघालेली हेराल्ड केव्हाच गेली. पहिला फॅनबेल्ट बदलला त्या दिवशीच. त्यानंतर यवतमाळच्या रस्त्यांवर धावली ती खंडपटांची माळ. प्रत्येक मिस्त्रीने एक मारली, एक जन्माला घातली. मी परत आणू बघत होतो ती यांतली कुठली?

गाडी पांढरी रंगवली. जाणकार मित्रांनी नापसंती कळवली. एकाने तर मी इतिहासाचा खून केला असं ऐकवलं. राखाडी पत्र्याचा तो तुकडा मी डॅशबोर्डाच्या आत, हाताला लागेल असा चिकटवलाय. यापेक्षा अधिक पश्चात्ताप मला होत नाही.

मात्र सगळ्याच खंडपटांपुढे मान तुकवावी असंही नाही. हेराल्डच्या मागच्या बाजूला आडवी कमान आहे, पाट्यांची, या चाकापासून त्या चाकापर्यंत. मधोमध ती डिफरन्शियलच्या डोक्यावर बोल्टांनी बसते आणि दोन्ही ॲक्सल मधल्या सांध्यापासून पंखासारखे वर-खाली डुलतात. आरामासाठी उत्तम. पण गाडी मागून जितकी उंच, तितकी चाकांची बुडं आत ओढली जातात. अशात वेगाने वळताना ब्रेक मारला तर बाहेरचं चाक अंगाखाली मुडपतं आणि गाडी मागून उडी घेते. अमेरिकेत राल्फ नेडरने १९६५ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात शेव्हरोले कॉर्व्हेअरवर जे तोफगोळे डागले ते याच जातीच्या ॲक्सलवर. स्पिटफायरने १९७०च्या सुमारास यावर उपाय काढला: कमानीचा एक पाटा घट्ट आणि बाकीचे मधोमध डुलते. भारतातल्या गॅझेलने तर सरळ जुन्या पद्धतीचा अखंड ॲक्सल घेतला. इथल्या मिस्त्रींना आणि गिऱ्हाइकांना तो डुलता प्रकार पचला नव्हता.

माझ्या गाडीच्या कमानीत एक पाटा जास्त निघाला. कारखान्याचा नव्हेच. जाड, ट्रकच्या कमानीतून कापलेला, कडा हाताने घासलेल्या, आणि एका टोकाला छिन्नीचे तीन बारीक घाव. लोहाराची खूण. कधीतरी बसलेल्या कमानीला आधार म्हणून, किंवा मागं सरकीची पोती टाकता यावीत म्हणून, कुणीतरी तो घातला होता. काम इतकं नीट होतं की मी तासभर तो हातात घेऊन बसलो. ज्या हातांनी बंडीच्या चाकांवर तापवून धाव चढवली असेल त्याच हातांनी ट्रायम्फची कमान सुधारली होती. आपल्या भाषेत चाकाच्या लोखंडी पट्टीला आणि पळण्याला एकच शब्द आहे, हे तेव्हा लक्षात आलं. आणि त्या सुंदर पाट्यामुळेच गाडी मागून चार बोटं उंच होती, फेंगडी होती, वळणावर जीवघेणी होती.

मला तो ठेवायचा होता. एवढ्या भाषणानंतर यवतमाळच्या लोहाराचा हात मीच उपटून टाकायचा? मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, तुम्ही गाडी बनवून राह्यले का गाडीवर पुस्तक लिहून राह्यले?” मग पाटा काढला. जुने पाटे उतरवून, तापवून, पुन्हा वाक देऊन, पाणी पाजून बसवले. मागचा भाग आपल्या जागी आला आणि चाकं सरळ उभी राहिली. काढलेला पाटा मी तेल लावून शेडच्या खुंटीला टांगला.

बाकीचं पटकन सांगतो, कारण त्यात पैसे आणि वाट बघणं याशिवाय फारसं काही नाही. इंजिनाचं बोअरिंग लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवर झालं. व्हॉल्व्हच्या बैठका टणक धातूच्या घातल्या, कारण २००० सालापर्यंत देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि ते शिसंच जुन्या मऊ बैठकांना सांभाळून घ्यायचं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला गाळून टाकतं. इंग्लंडात या गाड्यांचे भाग आजही बनतात. मागवले की भागाहून टपाल आणि जकात महाग. सोलेक्स कार्बुरेटर तीनदा खोलला. तिसऱ्यांदा खोलला तेव्हा दोष कार्बुरेटरात नव्हता, डेल्कोच्या आत एक वायर तुटली होती. खंडेनवमीला इंची पान्यांना हळदकुंकू वाहिलं.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती भल्या पहाटे, दत्त चौकात. तिची पुढची चाकं इतकी वळतात की पंचवीस फूट व्यासाच्या घेरात ती पूर्ण फिरते. चौकात कुणी नव्हतं म्हणून मी तिला चार वेळा गोल फिरवली. रस्ता झाडणाऱ्या बाई झाडू टेकून बघत राहिल्या. शर्यतीच्या गाडीच्या घरी राहिलेल्या बहिणीचं एवढंच काय ते कौतुक: जेमतेम ३५ अश्वशक्ती, पण वळायला सांगितलं की लगेच.

पाटा घडवणाऱ्या त्या अनाम लोहारावरून मला मूर्तिजापूरची शकुंतला ही आगगाडी आठवते. तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरात १९२१ साली बनलेलं, १९२३पासून सत्तर वर्षं धावलं, १९९४च्या एप्रिलमध्ये थांबलं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. ते इंजिन ज्यांनी सत्तर वर्षं चालू ठेवलं त्या फिटर-खलाशांची नावं कुणी लिहून ठेवली असतील तर मला बघायला आवडेल. मिस्त्रींना म्हटलं, आपण निदान आपल्या लोहाराचा पाटा जपू. खाली त्याची चिठ्ठी लावू. वर खुंटीकडे पाहिलं तर खुंटी रिकामी.

“तो पाटा?” मिस्त्री म्हणाले. “लावला ना जी ट्रॉलीले. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या कमानीचा पाटा तुटला होता, कापूस भरलेला, उभा होता बिचारा रस्त्यात. तुमच्यापाशी पडूनच होता ना.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आता कापसाचा हंगाम सुरू आहे. धामणगाव रोडला जिनिंगसमोर ट्रॉल्यांची रांग लागते आणि हेराल्ड त्यांच्यामागे अडकली की तापायला लागते, म्हणून इंजिन बंद करून मी खाली उतरतो. उतरलो की वाकून चारचाकी ट्रॉल्यांच्या कमानी बघतो. छिन्नीचे तीन घाव, एका टोकाला. ट्रॉलीवाले वरून विचारतात, काय हरवलं काका?